आधी शिव्या, मग खांदा

5 फेब्रुवारी 1984. मेक्सिको सिटीतल्या तेआत्रो ब्लांकिता या नाट्यगृहात छासष्ट वर्षांचा एक निवृत्त पैलवान साखळदंडांतून सुटून दाखवण्याचे खेळ करत होता. कुस्ती सुटली तरी प्रेक्षक सुटत नव्हते, म्हणून हा नवा उद्योग. त्या दिवशीचे खेळ झाले, त्याला अस्वस्थ वाटू लागलं आणि रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हृदयविकाराने तो गेला. अंत्ययात्रेला दहा हजारांच्या आसपास माणसं लोटली. रस्ते तुंबले. खांदा द्यायला आलेल्यांत मुखवटे चढवलेले पैलवान होते, आणि शवपेटीत जो होता त्याच्याही तोंडावर चंदेरी मुखवटा होता. तशी त्याची इच्छाच होती. मौसोलेओस देल आंखेल या दफनभूमीत त्याला मुखवट्यासकट ठेवण्यात आलं.

त्याचं खरं नाव रोदोल्फो गुझमान हुएर्ता. पण गर्दी आली होती ती ‘एल सांतो’साठी, म्हणजे संतासाठी. त्याचा चेहरा मेक्सिकोने पहिल्यांदा पाहिला होता तो जेमतेम आठवड्याभरापूर्वी, टीव्हीवर, आणि तोही अर्धामुर्धा.

त्या गर्दीत दोन पिढ्या होत्या. एकीने सांतोला सिनेमाच्या पडद्यावर आणि चित्रकथांच्या अंकांत पाहिलं होतं. तिच्या लेखी तो राक्षस, व्हॅम्पायर, वेडे शास्त्रज्ञ या सगळ्यांना पुरून उरणारा सज्जन. दुसरी पिढी पन्नाशी-साठी उलटलेली. तिने त्याला आखाड्यात, म्हणजे तिकडच्या अरेनात पाहिलं होतं आणि वीस वर्षं मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आज सांतोच्या आठवणी निघतात त्या बहुतेक पहिल्या पिढीच्या. मला दुसरी जास्त भरवशाची वाटते, कारण हा माणूस घडला तो तिच्यासमोर.

मेक्सिकोतल्या या कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. आपल्याकडे दारा सिंगने किंग काँगशी ज्या प्रकारच्या कुस्त्या केल्या, ज्यांना आपण सरळ फ्रीस्टाइल म्हणून मोकळे झालो, त्याच घराण्यातली ही. तीन दोरांचं रिंग, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या की कुस्ती निकाली. निकाल पडद्यामागे ठरलेला असतो हे जाणत्याला ठाऊक असतं, आणि जो ते मोठ्याने बोलून दाखवतो त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. 21 सप्टेंबर 1933 रोजी साल्वादोर लुत्तेरोत या गृहस्थांनी मेक्सिको सिटीत या खेळाचा धंदा पद्धतशीर उभा केला. रिंगणात दोन पक्ष असतात. नियमाने, देखणेपणाने लढतात ते तेक्निको. डोळ्यांत बोटं घालतात, पंचाची पाठ वळली की कमरेखाली मारतात, ते रुडो. गल्लीतल्या माणसाला तेक्निकोबद्दल आदर असतो, पण रुडोबद्दलची त्याची भावना जरा गुंतागुंतीची असते. जग रुडोंनीच चालवलेलं आहे हे त्याला रोजच्या अनुभवाने कळलेलं असतं.

मुखवटा या खेळात आला 1934 साली, आणि तो आणला एका अमेरिकन पैलवानाने. पैलवानांचे बूट शिवणारे अंतोनियो मार्तीनेस नावाचे लेओन गावचे एक चांभार होते. त्यांच्याकडून त्याने डोक्याच्या मापाचा चामडी मुखवटा शिवून घेतला. बुटाला जशी नाडी तशी मुखवट्याला मागून नाडी, ती आवळून बांधायची, म्हणजे ओढाताणीत निघणार नाही. पुढे मार्तीनेस यांचा तोच मुख्य व्यवसाय झाला. मुखवट्याबरोबर पैज आली. दोन मुखवटाधारी लढतील, हरेल तो भर रिंगणात आपला मुखवटा उतरवील, नाव-गाव सांगील आणि पुन्हा कधी तो घालणार नाही. ज्याच्याकडे मुखवटा नाही त्याने डोक्यावरचे केस पणाला लावायचे.

रोदोल्फोचा जन्म 23 सप्टेंबर 1917 चा, इदाल्गो राज्यातल्या तुलानसिंगोचा. सात भावंडांतला पाचवा. घरच्यांनी बिऱ्हाड राजधानीत हलवलं ते तेपितो वस्तीत. तेपितो म्हणजे जुन्या बाजाराची, कारागिरांची, मुष्टियोद्ध्यांची आणि पोलिसांना न आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींची वस्ती. इथे पोरगा बेसबॉल खेळला, जुजुत्सू शिकला, मग कुस्तीकडे वळला. 1930 च्या दशकाच्या मध्यावर तो लहानसहान अरेनांत लढू लागला. कधी रूडी गुझमान या उघड्या नावाने, कधी ‘लाल माणूस’ म्हणून, कधी ‘काळा राक्षस’ म्हणून. काही केल्या नाव होईना. मग त्याने ‘दुसरा वटवाघूळ’ हे नाव घेतलं. पहिला वटवाघूळ, एल मुर्सिएलागो वेलास्केस, तेव्हा जोरात होता. रिंगणात येताना तो जिवंत वटवाघळं सोडतो अशी त्याची ख्याती. त्याने कुस्ती आयोगाकडे तक्रार केली की माझ्या नावावर हा कोण जगतोय, आणि आयोगाने रोदोल्फोला ते नाव टाकायला लावलं. उसनं नाव चालत नाही हा धडा त्याला सरकारी खर्चाने मिळाला.

पंच आणि व्यवस्थापक हेसूस लोमेली त्या वेळी चंदेरी पोशाखातल्या पैलवानांचा एक संच जमवत होते. त्यांनी रोदोल्फोपुढे तीन नावं ठेवली: संत, सैतान, देवदूत. त्याने संत उचललं. 26 जुलै 1942 रोजी, चोविसाव्या वर्षी, तो जुन्या अरेना मेक्सिकोत आठ जणांच्या एकत्रित झुंजीत एल सांतो म्हणून पहिल्यांदा उतरला. डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी, नावाने संत आणि लढायला पक्का रुडो. गंमत सगळी या विसंगतीतच होती. सैतान नाव घेऊन कुणी लबाडी केली तर कुणाला त्याचं काय? पण संत पंचाच्या नजरेआड प्रतिस्पर्ध्याचा कान पिरगाळतो म्हटल्यावर वरच्या स्वस्त बाकांवरची माणसं उठून उभी राहत.

1940 साली राजधानीची वस्ती सतरा-अठरा लाखांची होती आणि ती झपाट्याने फुगत होती. खेड्यांतून आलेली माणसं कारखान्यांत, बाजारांत, बांधकामांवर राबत आणि आठवड्याला एकदा अरेनात जाऊन घसा मोकळा करत. 2 एप्रिल 1943 रोजी लागुनिया बाजाराजवळ रेपुब्लिका दे पेरू रस्त्यावर अरेना कोलिसेओ सुरू झालं. त्या रात्रीच्या मुख्य कुस्तीत सांतो होता, समोर तार्झान लोपेस. कोलिसेओची बांधणी अशी की खाली रिंगण आणि भोवती चढत गेलेली बैठक. लोक त्याला लागुनियाचं नरसाळंच म्हणत. वरून फेकलेली वस्तू हमखास खाली रिंगणापर्यंत पोचते हा या बांधणीचा आणखी एक गुण, आणि रुडोंना तो चांगला परिचयाचा होता.

सांतोचा नावाजलेला डाव म्हणजे ‘ला दे आ काबायो’, घोडेस्वारी. प्रतिस्पर्धी पालथा पडला की त्याच्या पाठीवर बसायचं, त्याचे हात आपल्या मांड्यांवर अडकवून ठेवायचे, दोन्ही पंजे हनुवटीखाली गुंफायचे आणि मागे रेलायचं. खालच्याची छाती जमिनीवरून उचलली जाते, मान मागे, तोंड वर. ही रचना कुठल्याही कोपऱ्यातल्या प्रेक्षकाला दिसते, आणि खालच्याचा वेदनेने वाकडा झालेला चेहराही. वरच्याचा मात्र चेहराच नाही, आहे तो निर्विकार चंदेरी गोळा, दोन थेंबांसारखी डोळ्यांची भोकं. मुखवट्याचा एवढा अचूक उपयोग करणारा डाव दुसरा नसेल. तो घडवला गोरी गेरेरोने. गोरी हा त्या काळातल्या सगळ्यांत हुशार पैलवानांपैकी एक, आणि 1940 च्या दशकात त्याची आणि सांतोची जोडी जमली. ‘आण्विक जोडी’ हे तिचं नाव. साल पाहता नाव कुठून आलं ते सांगायला नको. दोघेही रुडो, दोघेही वाकबगार, आणि लोक त्यांना हरताना बघायला पैसे मोजून येत. हरताना फारसे दिसत नसत, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा येत.

7 नोव्हेंबर 1952 ची रात्र मात्र वेगळी होती. अरेना कोलिसेओत सांतो आणि ब्लॅक शॅडो यांच्यात मुखवट्याची पैज लागली. ब्लॅक शॅडो लेओनचा, काळ्या पोशाखातला, हवेत झेपावण्यात विलक्षण तरबेज. त्याचा जोडीदार ब्लू डेमन. दोघं ‘शॅडो बंधू’ म्हणून लढत, सख्खे भाऊ नसूनही. त्या रात्री हजारो माणसांना आत जागा मिळाली नाही असं जुने लोक सांगतात, आणि ते सांगताना आपण मात्र आत होतो हेही सांगतात. सगळ्यांवर विश्वास ठेवला तर कोलिसेओला तीन मजले आणखी लागतील. कुस्ती तासाभराच्या वर चालली. शेवटी सांतो जिंकला. ब्लॅक शॅडोच्या मानेमागची नाडी सुटली, मुखवटा उतरला आणि आलेहांद्रो क्रूझ नावाचा एक तरुण, घामाने डबडबलेला, प्रकाशात डोळे मिचकावत उभा राहिला.

हा प्रसंग पुढे इतका सांगितला गेला की त्यातली एक बाजू झिजून गेली. त्या रात्री सभागृहातल्या बऱ्याच जणांना ब्लॅक शॅडो जिंकायला हवा होता. जिंकला तो लबाड. पण निकाल लागला आणि काहीतरी उलटं झालं. ज्याचा मुखवटा गेला तो माणूस झाला, त्याला नाव आलं, गाव आलं, आणि ज्याचा राहिला त्याच्याभोवती गूढ दाटलं. आता त्याचा मुखवटा कोण उतरवणार, हा प्रश्न राजधानीतल्या गल्ल्यांचा झाला आणि पुढची तीस वर्षं राहिला. ब्लू डेमन जोडीदाराच्या अपमानाचा बदला घ्यायला तेक्निको झाला, आणि पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, त्याने सांतोला हरवून वेल्टरवेट गटाचा जागतिक किताब काढून घेतला.

त्याच 1952 च्या सप्टेंबरात प्रकाशक होसे जी. क्रूझ यांनी सांतोवर चित्रकथेचा अंक सुरू केला होता. छायाचित्रं कापून, चित्रांत डकवून केलेली पानं, तपकिरी छपाई, बाजारात लटकवलेले स्वस्त अंक, कधी कधी आठवड्यात एकाहून जास्त. या कथांत सांतो गुन्हेगारांशी आणि भुताखेतांशी लढे, गरिबांच्या हाकेला धावे. म्हणजे एकाच आठवड्यात शुक्रवारी अरेनात बाप ज्याच्या नावाने खडे फोडी, त्याच्याच पराक्रमांचे अंक घरी पोरगं वाचत बसे. दहा वर्षं हे असंच चाललं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोकांची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार सोयीस्कर असते.

मग टीव्ही आला, आणि गेला. म्हणजे टीव्हीवरची कुस्ती गेली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ती घराघरांत पोचली, आणि राजधानीचे नीतिमान कारभारी एर्नेस्तो उरुचुर्तू यांच्या काळात तिच्यावर बंदी आली. मुलं बघून तसं करतात ही तक्रार. ही बंदी दशकानुदशकं टिकली. जो खेळ पडद्यावर दिसेनासा झाला त्याची भूक सिनेमाने भागवली. खरं तर सिनेमाने सांतोला आधीच विचारलं होतं. ‘चंदेरी मुखवटाधारी’ हे त्याचंच बिरुद घेऊन एक मालिका-चित्रपट काढायचं ठरलं, पण हे चालणार नाही म्हणून त्याने नकार दिला, आणि ते काम एल मेदिको असेसिनो नावाच्या दुसऱ्याच मुखवटाधारी पैलवानाने केलं. पुढे 1958 साली पैलवान-लेखक फेर्नांदो ओसेस यांनी गळ घातली तेव्हा तो क्यूबाला गेला. दोन चित्रपट तिथे चित्रित झाले. काम आटोपलं तेव्हा फिदेल कास्त्रो हवानाच्या वेशीवर होते. क्रांती एकीकडे आणि ‘सांतो विरुद्ध दुष्ट मेंदू’ दुसरीकडे, असा तो योग होता. त्या पहिल्या चित्रपटांत तो नायकसुद्धा नाही, मदतनीस आहे.

नायक झाला तो 1960 च्या दशकात. एकूण बावन्न चित्रपट. झोम्बी, व्हॅम्पायर बायका, ड्रॅक्युला, ग्वानाह्वातोच्या ममी, परग्रहावरची आक्रमणं, सगळ्यांचा समाचार. कथानक कुठलंही असो, मध्ये एकदा सगळं थांबवून सांतो रिंगणात जाऊन एक पूर्ण कुस्ती लढून येतो, मग व्हॅम्पायरांकडे वळतो. उघडी स्पोर्ट्स कार, बंद गळ्याचा स्वेटर, वर मुखवटा. पोलीस अधिकारी त्याच्याशी बोलताना एकदाही विचारत नाहीत की तुम्ही तोंड का झाकलंय. दोरीला बांधलेलं वटवाघूळ, हलणारी पुठ्ठ्याची भिंत, सगळं उघड दिसतं. 1962 चा व्हॅम्पायर बायकांचा चित्रपट यांत त्यातल्या त्यात नेटका आणि बाहेरच्या देशांत सर्वांत गाजलेला. पण नेटकेपणासाठी ते चित्रपट कुणी पाहिलेच नाहीत. गावोगावच्या तंबूत, रविवारी दुपारच्या स्वस्त खेळांना पोरं जात आणि सांतो दिसला की नावाचा घोष करत, अरेनात करतात तसाच.

पडद्यावर भुतांपासून देश वाचवणारा माणूस रिंगणात कमरेखाली मारत राहील हे कुठवर चालणार? 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सांतो तेक्निको झाला. पक्ष बदलणं या खेळात नवं नाही, पण इथे बाकांवरचे लोकच आधी बदलले होते. ते त्याला शिव्या द्यायला विसरू लागले होते. रुडोला कुणी शिव्या दिल्या नाहीत तर त्याने करायचं काय? जुन्या कोलिसेओकरांपैकी काहींना हा बदल रुचला नाही, आणि त्यांचं दुःख मला समजतं. चाळिशी ओलांडलेला सज्जन सांतो हुशार होता, लोकप्रिय होता, पण गोरी गेरेरोबरोबरचा तो थंड डोक्याचा लबाड सांतो कारागीर म्हणून वरचढ होता. त्या काळाचं चित्रीकरण फारसं उरलेलं नाही. उरले आहेत ते चित्रपट. म्हणून जग त्याला त्या पुठ्ठ्याच्या भिंतींवरून ओळखतं.

मुखवटा टिकवणं हे काम चोवीस तासांचं होतं. त्याने वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे मुखवटे ठेवले होते. त्यातला एक चारचौघांत जेवता यावं म्हणून हनुवटी मोकळी सोडणारा. चित्रीकरणासाठी परदेशी जायचं तर तो चमूबरोबर न जाता वेगळ्या विमानाने जाई. सीमेवर पारपत्र दाखवताना तोंड उघडं करावं लागतं, आणि ते आपल्याच माणसांनीही पाहू नये ही काळजी. घरी मोठं कुटुंब. बाप काय करतो हे मुलांनी शाळेत सांगायचं नाही. मुखवटा उतरवून तो रस्त्यावर निघाला की कुणी ढुंकून बघत नसे. प्रसिद्ध माणसाला न मिळणारी ही चैन त्याला आयुष्यभर मिळाली.

शरीर मात्र मुखवटा जाणत नाही. 3 ऑक्टोबर 1975 रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने पेरो आग्वायो या आडदांड तरुण रुडोविरुद्ध आपला मुखवटा पणाला लावला आणि आग्वायोचे केस उतरवले. पण 1981 मध्ये एका लढतीत तो रिंगणातच कोसळला; हृदयाने इशारा दिला होता. समोरच्या त्रिकुटाला तेव्हापासून ‘मृत्यूचे मिशनरी’ हे नाव चिकटलं. निरोपाच्या लढती 1982 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झाल्या. काळ कसा होता बघा. ऑगस्टमध्ये मेक्सिकोने परदेशी कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले, 1 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांनी बँका ताब्यात घेतल्या, पेसो गडगडला, आणि 12 सप्टेंबरला तोरेओ दे क्वात्रो कामिनोसमध्ये सांतो शेवटचा उतरला. बाजूला जुना जोडीदार गोरी गेरेरो, शिवाय उराकान रामिरेस आणि एल सोलितारियो. समोर तेच मिशनरी आणि पेरो आग्वायो. माणसं आपल्या पैशाचं काय होणार या घोरात होती, तरी तोरेओ गजबजलं. त्याच वर्षी त्याचा धाकटा मुलगा तोच चंदेरी पोशाख घालून ‘एल इहो देल सांतो’, सांतोचा मुलगा, म्हणून लढू लागला.

जानेवारी 1984 च्या शेवटी हाकोबो साब्लुदोव्स्की यांच्या ‘कोंत्रापुन्तो’ या टीव्ही कार्यक्रमात सांतो पाहुणा म्हणून आला. बोलता बोलता, कुणाला काही न सांगता, त्याने मुखवटा वर सरकवला. क्षणभर. पूर्ण नाही, चेहरा दिसेल इतका. एक वयस्क, जाडसर, साधा चेहरा. ज्याच्यासाठी चाळीस वर्षं पैजा लागल्या, तो असा फुकट दिला. त्याला मरण दिसत होतं, असं नंतर पुष्कळांनी म्हटलं. मरण आलं नसतं तर हेच लोक म्हणाले असते की टीव्हीवाल्यांनी पटवलं म्हातार्‍याला.

मृत्यूनंतर त्याचं काय झालं, तर थोडक्यात असं की तो कामावर रुजू राहिला. होसे जी. क्रूझ यांचा अंक 1987 पर्यंत चालला, पस्तीस वर्षं पुरी करून. पण मानधनावरून आधीच वाजलं असल्याने शेवटच्या काळात त्या पानांवर खरा सांतो नव्हता, दुसराच एक पिळदार जवान कपाळावर ‘एस’ अक्षर असलेला मुखवटा घालून उभा असे. जुने वाचक तो अंक चिमटीत धरून दुकानदाराला विचारत असतील, हा कोण? तरी अंक खपत होता. चित्रपट टीव्हीवर लागत राहिले आणि ज्यांचा जन्म त्याच्या निवृत्तीनंतरचा ती मुलंही सांतोला ओळखू लागली. तुलानसिंगोत त्याचा पुतळा उभा राहिला. लेखक कार्लोस मोन्सिवाइस यांनी त्याच्यावर लिहिलं तेव्हा विद्वानांनाही कळलं की आपण लहानपणी जे चोरून पाहिलं ते संस्कृती होतं. छायाचित्रकार लूर्देस ग्रोबेट यांनी 1980 पासून लुचाच्या जगाचे फोटो काढले. त्यांत पैलवान मुखवटा घालून आपापल्या घरी बसलेले दिसतात, सोफ्यावर, पोराबाळांत. सांतोच्या चाहत्यांना त्याच्याबद्दल नेमकं काय वाटत होतं हे त्या फोटोंतून जितकं कळतं तितकं कुठल्या मृत्युलेखातून कळणार नाही. आपल्या घरातला एखादा माणूस मुखवटा घालतो इतकंच.

सप्टेंबर 1985 मध्ये राजधानीत भयंकर भूकंप झाला, घरं पडली, आणि मग घरमालकांनी उरलेल्यांनाही हाकलायला सुरुवात केली. 1987 मध्ये लाल-पिवळ्या मुखवट्यातला सुपरबारियो नावाचा एक ढेरपोट्या वीर वस्त्यांत अवतरला. हा रिंगणात नाही, हकालपट्टी चालू असेल तिथे दारात उभा राही, मोर्चे काढी, अधिकाऱ्यांच्या खोलीत मुखवट्यासह जाऊन बसे. त्याला ही कल्पना कुणी शिकवायची गरज पडली नाही. तेपितोपासून पुढच्या सगळ्या वस्त्यांत पोरांनी सांतोचे सिनेमे पाहिलेच होते. पोलिसांशी बोलताना तोंड झाकलेलं असलं तरी चालतं, हे त्यांना पाठ होतं.

ब्लू डेमन डिसेंबर 2000 मध्ये गेला. तोही मुखवट्यासकट पुरला गेला. त्याने आणि सांतोने कित्येक चित्रपटांत खांद्याला खांदा लावून ममी आणि राक्षस लोळवले, पण दोघांत मैत्री कधी नव्हती असंच सगळे सांगतात. ब्लॅक शॅडो 2007 पर्यंत जगला, चोपन्न वर्षं उघड्या चेहऱ्याने. कोलिसेओच्या बाहेर आजही मुखवटे विकायला असतात, चंदेरी आणि निळे शेजारी शेजारी, आणि खरेदी करणारा कुठला उचलतो यावरून वाद पेटतात. डेमनवाले 1953 काढतात: समोरासमोर आला तेव्हा तुमच्या संताचा किताब कुणी काढून घेतला ते सांगा. सांतोवाले ते ऐकून घेतात, नाकारत नाहीत, आणि उलट विचारतात, तुमच्यावर अंक किती वर्षं चालला? मग कुणीतरी म्हातारा मध्ये तोंड घालतो की तुम्ही दोघेही गप्प बसा, तुम्ही सांतो पाहिलात तो सिनेमातला, मी पाहिला तो रुडो होता, आणि मी त्याला वरून बाटली फेकून मारली होती.